तो उतरला, मी बसून राहिलो

माझं पोट दुखायला लागलं की माझी बायको ओवा शोधत नाही. ती सरळ विचारते, "आज काय मिळालं भावजींना?"

भावजी म्हणजे माझा मित्र. मित्र हा शब्द मी दुसरा सापडत नाही म्हणून वापरतो. आम्ही दोघंही सैन्यात हेलिकॉप्टर चालवायचो, एकाच तुकडीत, आणि एका लढाईत एकाच कॉकपिटमध्ये बसून. मी त्याला सिनियर, म्हणून उजव्या सीटवर; तो ज्युनियर, म्हणून डाव्या. तो अजूनही मला "सर" आणि "तुम्ही" म्हणतो. मी त्याला "अरे तुरे" करतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, केवढा मान देतो हा आपल्या सिनियरला! देतो, खरंच देतो. तेवढंच काय ते माझ्या वाट्याला आलं आहे.

तो इगतपुरीचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. मी मखमलाबादचा. आमच्या घरी फुलशेती. गुलाब, झेंडू, शेवंती, भल्या पहाटे तोडून बाजारात न्यायचा माल. सैन्याची उडायची शाळा नाशिकलाच असल्यामुळे आम्ही इथे शिकलो, पुढे इथेच शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. आमच्यासारखे बरेच आहेत. कुणी घर घेताना पाण्याची सोय बघतो, कुणी शाळा बघतो. आम्ही मंडळी नकळत अशा जागा घेतो जिथे सकाळी शिकाऊ हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू येईल. त्याने गंगापूर रोडला गच्चीवाला फ्लॅट घेतला. मी वडिलांच्या मळ्यातच दोन खोल्या वाढवल्या.

त्याच्याकडे शौर्यपदक आहे. माझ्याकडे प्रशंसापत्र आहे. दोन्ही एकाच दिवसाच्या, एकाच उड्डाणाच्या बदल्यात मिळालेली. प्रशंसापत्र म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: लग्नात नवऱ्यामुलाला अंगठी देतात आणि करवल्याला रुमाल देतात, तो रुमाल.

माझा थोरला भाऊ शेतीच करतो. पदकाची बातमी आली तेव्हा त्याने फोनवर मला विचारलं होतं, "तुम्ही दोघं एकाच इमानात व्हते ना रे? मग त्यालाच कसं काय भेटलं? तू काय झोपला व्हता का?" मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "बरं बरं, जाऊ दे. तुझी बी नोकरी लय चांगली हाय." त्यानंतर मी तो विषय घरात कधी काढला नाही.

निवृत्तीनंतर मी अंबडला एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. फाटकावरच्या पहारेकऱ्यांवर पहारा ठेवायचा, अशी ती नोकरी. तिथे कामगारांच्या चौकशा चालायच्या. दोन्हीकडचे वकील एका साध्या वाक्याचे असे तुकडे करायचे की बोलणाऱ्यालाच ते आपलं वाटू नये. मला ते फार आवडायचं. मला वाटलं, आपणही कायदा शिकावा. माजी सैनिकांना कॉलेजात राखीव जागा असते, फीमध्ये सवलत असते. आयुष्यभर देशाचं ऐकलं, आता देशाच्या खर्चाने थोडं बोलायला शिकावं. मी हा बेत सगळ्यात आधी कुणाला सांगितला असेल? त्यालाच. त्याच्या गच्चीवर, चहा पिताना.

"वा सर, फारच छान," तो म्हणाला. पंधरवड्यात त्याने स्वतःसाठीही चौकशी केली. "तुम्ही सुचवलंत म्हणून मलाही हुरूप आला." आता यावर कुणी रागवावं तरी कसं? मी रागावलो.

प्रवेश परीक्षेसाठी मी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून अभ्यास केला. बायको म्हणायची, शेवंतीलासुद्धा आता कलमं पाठ झाली असतील. मला त्याच्यापेक्षा जास्त गुण पडले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पण माजी सैनिकांच्या यादीत त्याचं नाव वर आणि माझं खाली. शौर्यपदकवाले आधी, हा नियमच आहे. जागा दोन आणि अर्जदारही आम्ही दोघंच, त्यामुळे वरखाली असण्याने काडीचाही फरक पडत नव्हता. तरी मी त्या फलकासमोर बराच वेळ उभा राहिलो. कितीही वेळ बघितलं तरी नावं जागची हलत नव्हती.

वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या आठवड्यातच त्यांनी आम्हाला नावं पाडली. तो "मेडलवाले सर" आणि मी "दुसरे सर". कुणी कुत्सितपणे म्हणायचं नाही. "दुसरे सर, तुमच्या नोट्स देता का?" असं अगदी प्रेमाने विचारायचे. माझ्या नोट्स त्याच्यापेक्षा चांगल्या होत्या. झेरॉक्सच्या दुकानात माझंच अक्षर सगळीकडे पसरलेलं असायचं. पण कँटीनमध्ये घोळका त्याच्याभोवती.

त्याला बोलता येतं, ही खरी गोष्ट आहे. आवाज भरदार, केस अजून जागेवर, आणि हसताना समोरच्याला आपण काहीतरी फार हुशारीचं बोललो असं वाटायला लावतो. शिवाय तो मनाने चांगला आहे. हीच माझी सगळ्यात मोठी अडचण. रोज माझ्यासाठी बाक धरून ठेवायचा. "सर, इथे या. पंख्याखाली." वर्ग चालू असताना डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की आम्ही दोघंही एकाच वेळी छताकडे बघायचो आणि अख्खा वर्ग हसायचा. तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "नवखा आहे सर, यंत्र फार ओढतोय." मलाही तेच वाटलेलं असायचं. तेवढ्या क्षणापुरता तो मला आवडायचा.

मग विद्यार्थ्यांनी कार्यक्रम ठरवला. सैन्यातल्या अनुभवांवर व्याख्यान. बोलणार अर्थातच मेडलवाले सर. मला म्हणाले, "दुसरे सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसा हं." मी मुद्दाम मधल्या रांगेत, पोरांच्यात जाऊन बसलो.

एक सांगायला हवं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधीच बोललो नव्हतो. लढाई संपली, त्याची बदली एकीकडे, माझी दुसरीकडे. नंतर भेटलो तेव्हा बदल्या, प्रमोशन, मुलांच्या शाळा, सांधेदुखी, सगळं बोललो. ते एवढंच राहिलं. मला बोलायचं नव्हतं कारण मला पदकाचा विषय नको होता. त्याला का नको होतं ते मला माहीत नव्हतं. त्यामुळे तो ती गोष्ट लोकांना कशी सांगतो, हे मी त्या सभागृहात पहिल्यांदा ऐकलं.

सुरुवात चांगली केली त्याने. उत्तरेतले ते उघडे डोंगर, विरळ हवा, आणि कड्यावरच्या एका चौकीजवळ दोन जखमी जवान. आमचं यंत्र लहान. इतक्या उंचीवर ते दोन वैमानिक आणि एक जखमी एवढंच उचलेल, तेही उपकार केल्यासारखं. वजन कमी करायला मागच्या सीटा, दारं, सगळं काढून टाकलेलं. वर सपाट जागा नव्हतीच. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली जे दोन दांडे असतात, त्यातला फक्त डावा दांडा एका दगडावर टेकवायचा आणि बाकीचं यंत्र हवेत धरून ठेवायचं. दगड त्याच्या बाजूला होता, त्याला दिसत होता, म्हणून दांडा त्याने टेकवला. पहिल्या जखमीला जवानांनी मागे सरकवलं. गोळे पडत होते, जवान आडोशाला गेले. दुसरा जखमी थोडा पलीकडे उघड्यावर पडलेला होता.

इथपर्यंत सगळं खरं होतं.

"आणि तेव्हा," तो म्हणाला, "माझे कॅप्टन मला म्हणाले, 'सोड!' एकच शब्द. सोड. मी म्हणालो, 'नाही सोडणार, सर.' आणि हेल्मेटची वायर उपटून खाली उडी मारली."

टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. पुढे तो त्या दुसऱ्या जखमीला खांद्यावर घेऊन कसा आला, ते त्याने दोन वाक्यांत उरकलं. स्वतःची शेखी मिरवायची नाही, हे त्याला बरोबर जमतं. कॅप्टनचं नावही त्याने घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी अब्रू राखली त्याने.

माझ्या शेजारी आमच्याच वर्गातली एक मुलगी बसली होती, सटाण्याकडची. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कसले असतात ना सर, लोक? जिवंत माणसाला सोड म्हणतात!"

मी मान हलवली. काय करणार होतो?

आता त्या शब्दाबद्दल सांगतो. हेलिकॉप्टरमध्ये दोघांच्याही पुढ्यात कंट्रोल्स असतात, पण हात एकाच वेळी एकाचेच चालतात. दोघांनी धरलं तर यंत्र दोघांचंही ऐकत नाही. म्हणून घेणाऱ्याने म्हणायचं, मी घेतले. देणाऱ्याने म्हणायचं, मी दिले. हे इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत म्हणायचं असतं. पण मी त्याला नाशिकला शिकवत होतो तेव्हा तो स्टिक अशी आवळून बसायचा, जशी काही ती कुणी पळवून नेणार आहे. मी इंग्रजीत सांगून थकलो की मराठीत ओरडायचो, "अरे सोड!" मग तो दचकून म्हणायचा, "सोडलं, सर." तीच आमची सवय झाली. नियमाच्या बाहेरची, पण आमची. रोज, प्रत्येक उड्डाणात, कित्येकदा. सोड. सोडलं.

त्या दिवशी दगडावर दांडा टेकलेला असताना दरीतून वाऱ्याचा झोत आला. यंत्र माझ्या बाजूला कलंडायला लागलं. कड्यापासून पंख्याचं टोक किती लांब आहे ते फक्त मला दिसत होतं. मी म्हणालो, "सोड!" कंट्रोल्स सोड. मला घेऊ दे. तो म्हणाला, "नाही सोडणार," आणि मी मनात म्हटलं, मेलो, याला आज इथे शिकाऊपणा आठवला! पण तेवढ्यात त्याने हात काढले आणि दाराबाहेर गेला. तो उतरला तशी डावी बाजू एकदम हलकी झाली, दांडा दगडावरून उचलला जायला लागला. तो खाली, पंखा फिरतोय, गोळे पडताहेत, आणि मी एकटा ते यंत्र एका दगडावर एका दांड्याने टेकवून धरून बसलो होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तो माणसाला घेऊन आला, दोघं आत पडले. आता वजन इतकं की यंत्र वर उचलेना. मी ते कड्यावरून सरळ दरीत ढकललं. खाली पडता पडता वेग आला, वेगाबरोबर पंख्याला हवा सापडली आणि आम्ही उडालो. यातलं चौकीवरून कुणाला काय दिसलं असेल? एक वैमानिक उडी मारून माणूस उचलताना दिसला. आत बसलेला माणूस बाहेरून दिसत नाही.

हे मला पूर्वीपासून माहीत होतं. पदक त्याला मिळालं यात अन्याय नव्हता, हे डोक्याला पटायचं आणि पोटाला पटायचं नाही. पण इतकी वर्षं मला एवढंच वाटत होतं की गोष्टीत मी नाही. आता कळलं की गोष्टीत मी आहे, आणि खलनायक म्हणून आहे.

कार्यक्रमानंतर मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. तो स्कूटर काढत होता.

"तू मला माणूस टाकून जाणारा ठरवलंस."

"मी तुमचं नाव नाही घेतलं, सर. आजवर कुठेच नाही घेतलं."

"घेतलं असतंस तर बरं झालं असतं. निदान उठून भांडता आलं असतं. अरे, मी काय सोड म्हणालो होतो?"

तो स्कूटर मागे ओढता ओढता थांबला.

"कंट्रोल्स!" मी ओरडलो. बाजूची दोन पोरं गाडीची किल्ली शोधायचं नाटक करत थांबली. मी आवाज खाली आणला. "कंट्रोल्स सोड म्हणालो होतो. रोज काय म्हणायचो मी तुला? वारा आला होता. तुला काय वाटलं, मी त्या पोराला सोड म्हणतोय?"

त्याने स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. हेल्मेट हातात तसंच. मला वाटलं, आता म्हणेल, मी चुकलो, सर. मी ते ऐकायला तयार होऊन उभा होतो.

"मला ते कळायला हवं होतं," तो म्हणाला. "तुमचा तो शब्द मला झोपेतसुद्धा कळला असता." मग म्हणाला, "मला तसं का ऐकू आलं, ते आत्ता लक्षात येतंय, सर. पहिला आत आला तेव्हा माझ्याच मनात तेच चाललं होतं. एकच नेता येईल. दुसऱ्याला सोडू या. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात. आणि मला तुमचा असा काही राग आला! आपल्या मनातली घाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटली. त्या रागात उतरलो. तुम्ही काही बोलला नसतात तर मीच म्हणालो असतो आणि आपण निघालो असतो."

मला एखाद्या चांगल्या माणसासारखं वाटायला हवं होतं. दया, समजूत, काहीतरी. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मनात ढोल वाजायला लागले. इतक्या वर्षांनी त्याच्या पदकाला पोचा पडला होता आणि तो त्याने स्वतःच्या हाताने पाडला होता.

"हे तू वर्गात सांगायला हवंस," मी म्हणालो. "ज्यांनी ते ऐकलं त्यांच्यासमोर."

"सांगतो, सर," तो म्हणाला. एका शब्दानेही वाद घातला नाही.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं आणि एक भाकरी जास्त खाल्ली. ती म्हणाली, "त्यांनी कबूल केलं ना तुमच्याजवळ? मग आता सगळ्यांसमोर कशाला उभं करताय त्यांना?" मी म्हटलं, "माझी बदनामी सगळ्यांसमोर झाली आहे." ती म्हणाली, "तुमचं नाव कुणाला माहीत आहे?" बायकांना बदनामीतलं बारीक कळत नाही, असं मी मनात म्हटलं, मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती.

पुढचे काही दिवस मी त्याच्या आधी कॉलेजात जाऊन बसायचो. तो टाळेल अशी मला भीती होती. टाळावं, अशी थोडी इच्छाही होती, म्हणजे तो भित्रा ठरला असता. पुरावा कायद्याचा तास आला. मॅडम शिकवत होत्या की साक्षीदाराने स्वतः ऐकलेलं सांगितलं तरी त्याने शब्द ऐकला आहे की अर्थ ऐकला आहे, हे उलटतपासणीत वेगळं काढावं लागतं. तो माझ्या शेजारून उठला.

"मॅडम, याचं एक उदाहरण मी देऊ का? माझंच आहे."

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. पोरं सावरून बसली.

त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आमची सवय सांगितली, सोड आणि सोडलं. वारा सांगितला. "कॅप्टन म्हणाले ते कंट्रोल्सबद्दल. ते बरोबर बोलले. तेव्हा त्यांनी यंत्र धरलं नसतं तर आज उदाहरण द्यायला मी नसतो. आणि ते कॅप्टन," त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "हे आहेत."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. काय सांगू! चाळीस-पन्नास तरुण डोळे, आणि सगळे माझ्यावर. मी थोडा ताठ झालो. शर्टाची बाही नीट केली. हे एवढंच मला हवं होतं, आणि ते मला मिळालं.

मग तो पुढे म्हणाला, "माणसाला सोडायचा विचार माझ्या मनात होता. यांच्या नाही. मी माझाच विचार यांच्या आवाजात ऐकला आणि इतकी वर्षं तसाच सांगत आलो. मी शूर होतो म्हणून उतरलो नाही. मला माझी लाज वाटली होती, ती मी यांच्यावर काढली. एवढंच." आणि तो बसला.

मागून एकाने टाळी वाजवली आणि बघता बघता वर्ग उभा राहिला. मॅडमसुद्धा उठल्या. "साक्षीदार असा असावा," त्या म्हणाल्या. दोन मुली डोळे पुसत होत्या. पोरं त्याच्याकडे अशी बघत होती जशी त्या व्याख्यानाच्या दिवशीही बघितली नव्हती.

मीही उभा होतो. मी टाळ्या वाजवत होतो. सगळे उभे असताना बसून राहणं बरं दिसलं नसतं. माझ्यावरचा डाग पुसला गेला होता आणि शाबासकी पुसणाऱ्याला मिळत होती. पदकाला पोचा पडला म्हणून मी घरी जाऊन भाकरी खाल्ली होती. त्याच पोच्यावर लोक आता हार घालत होते. आता काय करावं या माणसाचं? खरं बोलला तरी तोच मोठा, चुकीचं बोलला तरी तोच मोठा. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता आणि चेहऱ्यावर मी समाधानी सिनियरचं हसू धरून ठेवलं होतं.

टाळ्या थांबल्या. सटाण्याची ती मुलगी उभीच राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"दुसरे सर... म्हणजे सर," ती मला म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्याजवळच काहीतरी बोलले. माफ करा."

"अगं, चालायचंच."

"तुम्हाला एक विचारू? तो दुसरा जवान, ज्याला तुम्ही दोघांनी आणलं, तो कसा होता? केवढा होता?"

मला विचारलं होतं. त्याला नाही, मला. वर्ग पुन्हा माझ्याकडे वळला. मी बोलायला तोंड उघडलं.

मला वारा कुठून येत होता ते सांगता आलं असतं. कुठला काटा लाल पट्ट्यात गेला होता, तो परत यायला किती आढेवेढे घेत होता, दगडाचा आकार कसा होता, कड्यात एक पांढरी रेघ होती ती पंख्यापासून किती हातांवर होती, हे सगळं मला आजही डोळे मिटून दिसतं. तो जवान माझ्या पाठीमागेच पडलेला होता, अख्ख्या परतीच्या वाटेवर. त्याचा गुडघा माझ्या पाठीला सीटमधून टोचत होता. मी एकदाही मागे वळलो नाही. वळायची सोय नव्हती, वळायचं कारणही नव्हतं. खाली आल्यावर त्याला डाव्या बाजूने उतरवून नेलं, तेव्हा मी इंजिन बंद करत होतो.

ती वाट बघत होती. मी शेजारी बघितलं.

"पोरगाच होता गं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मिसरूड नुकतं फुटलेलं. सर्दी झाली होती त्याला, नाक सारखं वाहत होतं. मी त्याला उचललं तेव्हा त्याच्या एका पायात बूट नव्हता, नुसता मोजा. खाली पोचेपर्यंत मी मागेच त्याला धरून बसलो होतो, माझ्या कानाशी एकच म्हणत होता, साब, मेरा जूता रह गया. पोटातून रक्त जात होतं आणि हा बुटासाठी रडत होता. त्याला वाटत होतं, सामान हरवलं म्हणून शिक्षा होईल."

वर्गात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ती मुलगी खाली बसली.

पदकाचा मी इतकी वर्षं हेवा केला. फलकावरच्या नावाचा केला, टाळ्यांचा केला, केसांचासुद्धा केला. पण त्या सगळ्यांची बेरीज त्या एका मोज्याएवढीही भरली नसती. त्या पोराला सोडायचं की न्यायचं, यावर तो स्वतःशी भांडला होता. त्याच्या मनात तो पोरगा होता. माझ्या मनात वारा होता. आम्ही दोघांनी मिळून त्या पोराला आणलं, आणि भेटला तो फक्त त्याला.

मला काही सांगता आलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याला वाटलं असेल, मी एकटा पडलो. तो माझ्याकडे वळला आणि आपल्या वाटणीतलं काढून द्यावं तसं म्हणाला, "आठवतं ना, सर? सारखा जूता, जूता करत होता?"

माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, वर इंजिनचा आवाज. मागचा माणूस मोठ्याने गायला असता तरी मला ऐकू आलं नसतं. पुरावा कायद्याच्या तासाला, मॅडमसमोर, अख्ख्या वर्गासमोर मी मान डोलावली.

"हो," मी म्हणालो. "चांगलं आठवतंय."